नऊ गंगा

“डबा काढा, माय.”

ओसरीच्या कडेला टेकायच्या आधीच बाई हे म्हणून मोकळ्या होत. खुशाली, पोरंबाळं, पीकपाणी हे सगळं नंतर. छत्री मिटून भिंतीला लावायची, चपला पायरीखाली सरकवायच्या आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून हाक द्यायची. घरातली बाई बिचकायची. कोणता डबा? डाळीचा की डागिन्यांचा? मग बाई समजावून सांगायच्या, “दवाईचा वो. ज्याच्यात तुमी उरल्यासुरल्या गोळ्या ठेवता, तो.”

आणि तुम्हाला सांगते, असा डबा घरोघरी निघायचा. तुमच्याकडेही आहे, नाही म्हणू नका. खोकल्याच्या बाटलीचा चिकट तळ, कोणाच्या तरी मागल्या वर्षीच्या तापातल्या अडीच गोळ्या, तुरटीचा खडा, हिंगाची पुडी, मलमाची पिळून चपटी झालेली नळी. आधी ‘काही नाही’ म्हणणारी घरधनीण पाच मिनिटांनी पदराखालून डबा घेऊन यायची. बाई तो उजेडात धरायच्या, एकेक वस्तू हुंगायच्या आणि मला म्हणायच्या, “लिही.”

मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक होऊन घरी बसले होते. वडील यवतमाळच्या कोर्टात कारकून. घरी बसलेल्या मुलीचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते मला पसंत नव्हतं. जिल्हा परिषदा नव्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आर्णीकडच्या गावांत अभ्यासाला आल्या. बायका डॉक्टरकडे न जाता मनाने काय काय औषधं घेतात, आणि त्या औषधांआड गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग किती दिवस लपून राहतो, असा त्यांचा विषय. फॉर्म भरायला सुवाच्य अक्षराची मुलगी हवी होती. अक्षर माझं चांगलं होतं आणि त्याचा मला भारी गर्व होता. वडिलांनी नाखुशीने होकार दिला आणि मला आर्णीच्या दवाखान्यातल्या नर्सच्या हवाली केलं.

त्या नर्स म्हणजे बाई. सगळे त्यांना नर्सबाई म्हणत, मी नुसतंच बाई. उंच, हाडापेराने मजबूत, पांढऱ्या लुगड्याला निळा काठ, आणि चालणं असं की मला मागून पळावं लागायचं. बाभुळगावजवळच्या एका खेड्यातल्या. विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा नागपूरला जाऊन सुईणीचं आणि नर्सचं शिक्षण घेतलं. छप्पन साली घरच्या सगळ्यांबरोबर पुन्हा नागपूरला गेल्या आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्या. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. वर म्हणाल्या, “आता तुले माहीत हाये. माह्यासंगं फिराचं तं फिर.” मी फिरले. त्यात माझी काही थोरवी नव्हती. घरी बसण्यापेक्षा ते बरं होतं.

बाई घरात का जात नसत ते मला दोन दिवसांनी कळलं. शेतकऱ्यांच्या घरांत त्यांना कोणी आत बोलवत नसे. मला मात्र आडनाव विचारून थेट चुलीपर्यंत नेत, कपबशीत चहा देत. बाई ओसरीवर. पाणी मागितलं तर अंगणात ओंजळ करून बसायचं आणि घरच्या बाईने वरून धार धरायची, ही तिथली रीत. त्यावर बाईंनी तोडगा काढला होता. पिशवीत फिरकीचा तांब्या असायचा, घरून भरून आणलेला. तहान लागली की झाडाखाली थांबून त्यातलं प्यायचं. दीक्षा घेतल्यापासून कोणापुढे ओंजळ करायची नाही, हा त्यांचा नेम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. आत जाता येत नाही तर डबाच बाहेर मागवायचा, हेही त्यातूनच आलेलं. डॉक्टरीणबाईंना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्या गावांना लावली. ती पद्धत मुळात का निघाली ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

डब्यांत काय काय निघायचं म्हणता. एका घरी गोळी देवघरात होती, हळदकुंकू वाहिलेली. एकदा तिने पोरगा वाचला होता, म्हणून उरलेली खायची कशी? एका गावात तर बायकांनी गोळ्यांचं शास्त्रच बसवलं होतं. अंगावरून पांढरं जात असेल तर पांढरी गोळी, लाल जात असेल तर लाल. शेजारणी शेजारणीत गोळ्यांची उसनवारी चालायची, विरजणासारखी. मला हसू आवरेना. बाई मात्र त्या बाईला गंभीरपणे म्हणाल्या, “तुह्यं डोकं चांगलं हाये, माय. पण गोळीले रंग समजत नाई.” बाहेर पडल्यावर मी हसायला लागले, तशा त्या थांबल्या. “हासू नको. तिनं इचार केला. तिले कोणी सांगतलं नाई, म्हून तिनं तिच्या मनानं इचार केला. ज्यानं सांगाचं तो कुठं होता?”

बाईंना नावं लक्षात राहत नसत, डबे राहत. रस्त्यात एखादी बाई भेटली की मला हळूच सांगायच्या, “हे हिंगाची पुडी. हे तुरटी अन् अर्धी सल्फाची गोळी.” गावच्या गाव त्यांना असं पाठ होतं.

बाईंचाही एक डबा होता बरं का. डोकेदुखीच्या पुड्यांचा. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी पाय सुजले की एक. पाण्याबरोबर जिभेवर टाकायच्या आणि तोंड वेडंवाकडं करायच्या. एकदा मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, “डबा काढा, माय.” त्या खळखळून हसल्या आणि पिशवी काखेत दाबून धरली. ते मी कुठे लिहिलं नाही. फॉर्म गावातल्या बायकांसाठी होता, नर्ससाठी रकाना नव्हता.

डब्यांचं काम झाल्यावर तपासणी सुरू झाली. गावच्या शाळेत, सुट्टीच्या दिवशी. आतल्या वर्गात पडदा लावून टेबल, तिथे डॉक्टरीणबाई आणि बाई. लाकडी पट्टीने गर्भाशयाच्या तोंडाशी हलकं पुसायचं, ते काचपट्टीवर फिरवायचं आणि काच नागपूरला पाठवायची. तिथे सूक्ष्मदर्शकातून बघून सांगणार, खराबी आहे की नाही. दुखत नाही, रक्त निघत नाही. पण एकही बाई येईना. लाज वाटते, दुसरं काय.

तेव्हा बाईंनी गावातल्या बायकांशी एक करार केला. तोंडावर पदर घेऊन यायचं, पदर घेऊनच टेबलावर झोपायचं आणि पदर घेऊनच जायचं. आम्ही कोणाचं तोंड पाहणार नाही, कोण आली होती ते कोणाला सांगणार नाही. “आंगाले नाव नसते,” त्या म्हणायच्या. “लाज तोंडाले असते. तोंड झाका, झालं.” आणि बायका आल्या. सरपण आणायला, नदीवर, शेतात जाते असं सांगून एकेक करून आल्या. बाईंनी आपला शब्द पाळला. टेबलापाशी उभ्या असताना त्या खरंच भिंतीकडे बघत.

दाराशी टेबल टाकून नाव, वय, मुलं आणि घेतलेलं औषध लिहायचं काम माझं. पदराआडून नाव यायचं, मी लिहायची, क्रमांकाची चिठ्ठी द्यायची. आर्णीपासून दोन कोसांवरच्या एका गावात त्या दिवशी बरीच गर्दी झाली. मी भराभर लिहीत गेले. या गावात गंगाबाई फार दिसतात, भाविक लोक असतील, असं एकदा मनात आलं आणि मी पुढचा फॉर्म घेतला.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. त्या गावातल्या सगळ्या काचा ठीक होत्या, एक सोडून. क्रमांक अठरा, गंगाबाई. रोगाची सुरुवात आहे, अजून पसरलेला दिसत नाही, ऑपरेशन लवकर झालं तर बाई वाचेल. महिनाभरात नागपूरला आणा, उशीर करू नका.

मी रजिस्टर उघडून बाईंपुढे धरलं. अठरावर गंगाबाई होती. सातवरही होती. अकरावर, चौदावर… मोजल्या तर नऊ गंगा निघाल्या. गावात चौकशी केली तर गंगा नावाची बाई एकही नव्हती. असल्या कामाला आपलं नाव दिलं तर रोग नावामागे घरी येतो, म्हणून जिच्या तोंडाला जे पवित्र नाव आलं ते तिने सांगितलं होतं.

“या गावात एक धड विहीर नाई,” बाई म्हणाल्या, “अन् तू नऊ गंगा घेऊन आली?”

मला रडू कोसळलं. त्या गावात कोणीतरी एक बाई भाकऱ्या थापत होती, पोरांना न्हाऊ घालत होती, आणि ती मरणार की जगणार हे माझ्या सुवाच्य अक्षरात अडकून पडलं होतं. बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. “पदराचं म्या सांगतलं होतं,” एवढंच म्हणाल्या. मग दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. “नाव वाचू नको. दवाई वाच.”

मी वाचू लागले. सात नंबर: हळदीचं दूध, तुरटीच्या पाण्याने धुणे. “हे तेल्याच्या बाजूची. पुढं.” अकरा: शेजारणीकडची लाल गोळी, तीन दिवस. “मारुतीच्या मांगची, बुटकी.” चौदा: कात आणि डिंक. “तिची माय वैदीण हाये.” डोळे मिटून त्या एकेक घर सांगत गेल्या. अठरा नंबरवर लिहिलं होतं: वय पस्तीसच्या आसपास, मुलं चार, मधूनच डाग जातो, लाल दवा टाकून पाण्याने धुते, आता बरं आहे.

बाईंनी डोळे उघडले. त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली आणि नुसती हातात धरून ठेवली.

लाल दवा म्हणजे पटकीच्या साथीत विहिरीत टाकायचं औषध. दोन दाणे टाकले की बादलीभर पाणी जांभळं होतं. सरकारने दिलेली त्याची बाटली गावात एकाच घरी असते, पोलीस पाटलाच्या. तीही कुलपात. ती उघडून चिमूटभर दवा घेईल अशी एकच बाई होती: पाटलाची बायको.

आणि ते घर पाटलाची आई चालवत होती. त्या म्हातारीइतकं कडक माणूस मी पंचक्रोशीत पाहिलं नाही. डब्याच्या वेळी तिने बाईंच्या हातात डबा दिला नव्हता, जमिनीवर ठेवून सरकवला होता. सून तपासणीला गेली होती हे तिला कळलं असतं, तर नागपूर दूर राहिलं, सुनेला माहेरचा रस्ता दाखवला असता. सांगायचं तर त्या सुनेला एकटीलाच सांगायला हवं होतं, आणि ती कधी एकटी नसायची.

“तू आत जाशीन,” बाई मला म्हणाल्या. “मले जाता येत नाई. तू सांग.” काय सांगायचं, कसं सांगायचं, हे त्यांनी माझ्याकडून वाटेत चार वेळा घोकून घेतलं.

चैत्राचं ऊन होतं. फॉर्ममध्ये काही राहून गेलंय असं निमित्त करून आम्ही गेलो. म्हातारी ओसरीवर वाती वळत बसली होती. मला आत पाठवलं, बाईंना कडेची जागा दाखवली. सून चुलीपाशी होती. गोरी, हडकुळी, कपाळावर घामाने विरघळलेलं कुंकू. मी जवळ जाऊन कानाशी बोलायला लागले तर ती विस्तव लागल्यासारखी मागे सरली. “मी गेलतीच नाई,” म्हणाली. “कोनं सांगतलं तुमाले? मले काई होत नाई.” मग डोळ्यांनी ओसरीकडे खूण केली आणि हात जोडले. मधे नुसतं एक कूड होतं. पलीकडे म्हातारीच्या बांगड्या वाजत होत्या. मी सगळे घोकलेले शब्द विसरले आणि कपातला चहा संपवून बाहेर आले.

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कळलं. मग म्हणाल्या, “पाटलीणबाई, तहान लागली वो. पाणी पाजता का?”

मी चमकून त्यांच्या पिशवीकडे पाहिलं. फिरकीचा तांब्या काठोकाठ भरलेला होता. सकाळी मीच त्याची फिरकी बसवली होती.

म्हातारीने मान न वळवता आत हाक दिली, “नर्सले पाणी घाल व.” सून तांब्या घेऊन आली आणि पायरीच्या वर उभी राहिली. बाई खाली अंगणात उतरल्या, उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. धार सुरू झाली. खाली बाईंचं तोंड, वर वाकलेल्या सुनेचं, मधे हातभर अंतर. अख्ख्या घरात त्या दोघी इतक्या जवळ याव्यात असं दुसरं निमित्त नव्हतं.

म्हातारीचं लक्ष वळवायला हवं होतं. काय करावं ते मला सुचेना, आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, “आजी, तुमचा गुडघ्यांचा डबा काढा.” म्हातारी खूश झाली. आपल्या गुडघ्यांविषयी कोणीतरी विचारतंय हे तिला कोण अप्रूप. ती एकेक बाटली काढून तिचा इतिहास सांगायला लागली आणि मी एका कानाने तो लिहीत राहिले. दुसरा कान पायरीकडे होता.

बाई घोट घ्यायच्या, हनुवटीवरून पाणी निथळू द्यायच्या आणि त्या अवधीत बोलायच्या. “मान हालवू नको. धार सोडत राह्य. तुही काच नागपुरले गेलती. तिच्यात खराबी निघाली. पिशवीच्या तोंडाशी.”

धार तुटली. मग पुन्हा सुरू झाली.

“लाल पाण्यानं वास जाते, डाग जाते. रोग जात नाई. आता गेली तं वाचशीन. दिवाळीपर्यंत थांबली तं मी काई करू शकत नाई.”

तांब्या रिकामा झाला. बाई ओंजळ तशीच धरून म्हणाल्या, “अजून पाह्यजे, माय.” सून आत गेली, दुसरा तांब्या घेऊन आली. या खेपेला तिच्या ओठांची हालचाल मला दिसली. “पोरं लहान हायेत.”

“म्हूनच सांगून राह्यली.”

“बुढी जाऊ नाई देनार.”

“मायेरी जातो म्हन. मंगळवारी आर्णीच्या मोटारस्टँडवर मी राहीन. या मंगळवारी नाई जमलं तं पुढच्या. मी राहीन.”

तिसरा तांब्या आला तेव्हा म्हातारीचं लक्ष गेलं. “कितीक पाणी पेते हे बाई,” ती म्हणाली.

“ऊन लय हाये, माय,” बाई म्हणाल्या आणि तिसरा तांब्याही संपवला.

परतताना त्या भराभर चालत होत्या. लुगड्याचा पुढचा भाग भिजून पायांना चिकटत होता. शेवटी मलाच राहवेना. “बाई, तुमचा तांब्या भरलेला होता.”

“माहीत हाये.” मग म्हणाल्या, “छप्पननंतर आजच.” मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला, मग छत्री उघडायला काढून घेतला.

पहिल्या मंगळवारी सून आली नाही. बाई सकाळपासून मोटारस्टँडवर बसल्या, तीन गाड्या सोडल्या आणि दवाखान्यात परत आल्या. मी म्हटलं, आता पाटलांना सरळ कागद पाठवू. बाईंनी नको म्हटलं. शब्द दिलाय, तो कागदाने मोडायचा नाही. त्या आठवड्यात माझी झोप उडाली होती आणि बाईंच्या पुड्या वाढल्या होत्या.

दुसऱ्या मंगळवारी मीही गेले. दहाच्या सुमाराला एक छकडा आला. त्यातून सून उतरली, कडेवर धाकटं पोर, हातात गाठोडं. आणि मागून पाटील स्वतः. तो धिप्पाड माणूस बाईंसमोर येऊन उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली. “तिनं मले सांगतलं,” तो म्हणाला. “आईले मी मायेरचं सांगतो. तुमी संग राह्यजा.” एवढं बोलून त्याने पोराला बायकोच्या कडेवरून घेतलं आणि छकड्यात जाऊन बसला. मोटार सुटेपर्यंत तो बैलांकडे तोंड करून बसला होता, मोटारीकडे बघितलं नाही. पोर मात्र रडत होतं.

नागपूरला ऑपरेशन झालं, पिशवी काढली. बाई रजा टाकून पंधरा-सोळा दिवस तिच्या खाटेपाशी राहिल्या. मी फॉर्मांचे गठ्ठे पोचवायला गेले तेव्हा वॉर्डात डोकावले. बाई तिची वेणी घालत होत्या आणि ती डोळे मिटून बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आली. आता पाच वर्षं दर सहा महिन्यांनी एकदा बघत जा.

आता तुम्हाला वाटेल, त्या घराचं दार बाईंना उघडलं. कसलं उघडतंय. म्हातारीला काही कळलं नाही आणि कळवायचंही नव्हतं. पावसाळ्यानंतर आम्ही गेलो तर बाई पुन्हा ओसरीच्या त्याच कडेला. मला आत चहा. सून दारामागून बघत होती. मी चहा तसाच ठेवून बाहेर आले आणि रस्त्यावर बाईंवरच तडकले. जीव वाचवला तुम्ही तिचा, आणि अजून ही ओसरी? तोंड शिवलंय का तुमचं?

बाई शांतपणे चालत होत्या. “तुहा राग तुह्यापाशी ठेव,” त्या म्हणाल्या. “मले तिले पाच वर्सं पाहाचं हाये. आज भांडलो तं उद्या ओसरी बी बंद. मंग तिले कोन पाहीन, तू?” त्या खरोखर दर सहा महिन्यांनी जात राहिल्या, म्हातारीच्या गुडघ्यांचं निमित्त काढून. पिशवीत तांब्या असायचाच. त्या घरी त्यांनी पुन्हा पाणी मागितलं नाही.

अभ्यास संपला. पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन पुसदला गेले. बाईंची बदलीही पुसदकडच्याच एका खेड्यात झाली, म्हणून भेटी होत राहिल्या. त्यांच्या पायांची सूज आता उतरत नसे. मग ती तोंडावर आली. मी त्यांना ओढून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने मूत्रपिंडं निकामी झाल्याचं सांगितलं आणि विचारलं, या पुड्या किती वर्षं घेत होता? बाई मिस्कील हसल्या. “लिहून नाई ठेवलं,” म्हणाल्या. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला स्वतःची चीड आली होती. गावोगावचे डबे मी उजेडात धरून लिहून घेतले, आणि जो रोज माझ्या शेजारी उघडत होता तो बघून हसले.

बाई थंडीच्या दिवसांत गेल्या. बाभुळगावजवळच्या त्यांच्या गावी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. विहारासमोरच्या मांडवात सतरंज्या अंथरल्या होत्या. पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका रांगेने बसल्या होत्या, आणि त्यांच्यात मधेच एक हिरवं लुगडं दिसलं. पाटलाची बायको. अंगाने भरली होती, केस कानापाशी पिकले होते. सासू दोन वर्षांमागे गेली, असं तिने सांगितलं. बाई गेल्याचं तिला आर्णीच्या दवाखान्यात कळलं होतं, आणि नवऱ्याला सांगून ती एकटीच मोटारीने आली होती. वंदना सुरू झाली तेव्हा तिला शब्द येत नव्हते. शेजारणीच्या तोंडाकडे बघून ती ओठ हलवत होती.

कार्यक्रम आटोपला. पंगती मांडायला लागले. मला उशीर होत होता, आणि तिची मोटारही चारची होती. मी म्हटलं, “चल, तुला स्टँडवर सोडते.”

“मी जेवून जातो,” ती म्हणाली.

मी घोटाळले. तिच्या गावात हे कळलं तर काय होईल ते मला माहीत होतं, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. बाईंच्या भावजयीलाही काय करावं कळेना. ती पत्रावळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. पाटलाची बायको स्वतःच उठली, पंगतीच्या मधोमध दोन बायकांनी जागा केली तिथे मांडी घालून बसली आणि पदर खोचला.

मीही बसले. वरण-भात आला, आलू-वांग्याची भाजी आली. ती खाली मान घालून जेवत होती, डोळ्यांतलं पाणी पुसतही नव्हती. वाढणारी पुढे निघून गेली तेव्हा तिने मान वर केली आणि हाक मारून आणखी भात मागून घेतला.